हातमोजे उतरवा

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण हिचा हातमोजा का निघत नाही ते मला ठाऊक आहे!" काठी आपटत आँसेल्मकाका पुढे सरसावले.

इझोरच्या जिवात जीव आला, पण अर्धाच.

रीत जुनी होती. शिकार झाली, हरणाचं कातडं मुंडक्यासकट मांसावर पांघरलं, की कुत्रे सोडण्याआधी सगळ्यांनी हातमोजे उतरवायचे. मग राजा असो नाहीतर मोतद्दार. त्यानंतर हरणाचा पुढचा पाय फितीत बांधून मानाच्या बाईच्या उघड्या हातावर ठेवायचा. आज मान इझोरचा. पाय देणार होते साठीचे ड्यूक. त्यांनाच बाबांनी तिच्या लग्नाचा शब्द दिला होता.

सगळ्यांचे हात उघडे झाले. हिचा एक राहिला. "हातमोजा, इझोर?" भावाने, गास्पारने विचारलं.

आत तिबोची अंगठी होती. सकाळीच ओढ्याकाठी त्याने घातलेली, बोटात रुतलेली. दिसली की तिची रवानगी मठात आणि गास्पारची तलवार तिबोच्या छातीत. तिबो समोरच तुतारीवाल्यांत उभा होता, पांढराफटक. घोड्यावरून उतरताना तिने काकांचा हात धरला, तेव्हा ती अंगठी म्हाताऱ्याच्या बोटांना लागली होती.

"होऊन जाऊ दे, काका," बाबा हसले. "मागच्या खेपेला लांडग्याला नाचायला शिकवलं होतंत."

"तो लांडगा बेताल होता! आजचं ऐका. हे हरीण थकून थेट पोरीपुढे आलं. गुडघे टेकले. ही कुरवाळायला गेली, तर त्याने मान झटकली आणि शिंगाचं टोक तळहातात! शिंगं कसली, अख्खं झाड! मधल्या फांदीवर घुबड बसलेलं. हातमोजा काढलात तर रक्ताचा पाट वाहील."

हशा पिकला. इझोरही हसणार होती. तेवढ्यात तिची नजर कातड्यावरच्या मुंडक्याकडे गेली, तिथून काकांच्या मोतीबिंदूने पांढुरक्या झालेल्या डोळ्यांकडे. तिने त्यांची बाही ओढली.

"पुरे ना, काका."

"पुरे कसं? घुबडाचं तर राहिलंच!"

हशा विरत गेला. ड्यूक हसलेच नव्हते. फितीला धरलेला पाय त्यांच्या हातात हलत होता. त्यांनी मुंडकं पाहिलं, मग तिचा हातमोजा.

"काकासाहेब," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मार्चात शिंगं गळतात. हे हरीण बोडकं आहे."