सोपं पुस्तक

भरदुपारी मुलुंडच्या घरात आई मटार सोलत होती. ताटात टपटप दाणे पडत होते. शेजारी श्रुतिका जपानी मांगा वाचत होती, निदान आईला तसं वाटत होतं. जपानीच्या सगळ्यात सोप्या परीक्षेत नापास झाल्याचं तिने घरी लपवलं होतं. हे चित्रांचं पुस्तक तिच्या पातळीचं, म्हणजे शाळकरी पोरांचं होतं. तेही तिला झेपत नव्हतं.

“मागून काय वाचतेस गं?”

“जपानी पुस्तक तिकडूनच सुरू होतं, आई.”

“हुशार गं बाय माझी! काय म्हणतेय ती चित्रातली मुलगी?”

श्रुतिकाचे कान तापले. तिने थाप मारली, “म्हणतेय, लाइट गेली.”

तिने पान उलटलं. चित्रातलं स्वयंपाकघर काळंकुट्ट होतं.

योगायोग, तिने स्वतःला समजावलं.

“आणि तिची आई कुठेय?”

प्रश्न संपावेत म्हणून श्रुतिका म्हणाली, “तिला आई नाहीये.”

पुढच्या चित्रात लाइट आली होती. मुलगी एकटीच बसली होती. तिच्या शेजारी अर्धवट सोललेल्या मटाराचं ताट होतं.

“आई, मला यातलं अक्षरही वाचता येत नाही,” पानावरची नजर न काढता श्रुतिका म्हणाली.

दाणे पडायचा आवाज थांबला होता.