गेणबांचे छत्तीस आणि एक

२७ ऑक्टोबर १९९६, रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. कळसच्या बिरोबाच्या देवळासमोर ढोल घुमू लागला, तेव्हा दत्तोबा फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल होता. छत्तीसही एकाच माणसासाठी राखलेले होते, आणि त्या माणसाला ते ठाऊक नव्हते.

तो माणूस म्हणजे गेणबा. वय बहात्तर, गजीच्या खेळात, म्हणजे धनगरांच्या ढोल-झांजांच्या नाचात, ढोल त्यांचाच. बुधवारी बारामतीच्या दवाखान्यात त्यांच्या पोटाचे ऑपरेशन ठरले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी फोटो काढून घेतला नव्हता. वडिलांचा काढला, ते महिन्यात गेले. थोरल्या भावाचा काढला, तो पंधरवड्यात. दोन्ही फोटो हार घालून भिंतीवर होते, त्यामुळे गेणबांशी वाद घालायला कुणाला तोंड नव्हते.

सकाळीच त्यांच्या पत्नी तानूबाई इंदापूरला दत्तोबांच्या स्टुडिओत येऊन बसल्या होत्या.

"म्हातारं माघारी आलं तर बरंच हाय. न्हाय आलं तर त्याचं त्वांड कुठं बघायचं मी? नाचताना काढा. ढोल गळ्यात आसला की त्याला दुसरं काय दिसत न्हाय."

दत्तोबा नियमाचे पक्के. रोल भरताना फिल्मचे टोक खाचेत अडकवायचे. प्रत्येक फोटोनंतर कॅमेऱ्यावरची डावी खुंटी फिरली का, म्हणजे आत फिल्म पुढे सरकली का, ते पाहायचे. तेवीस वर्षांत यात खंड नव्हता. त्या दिवशी रोल मात्र हिंदकळत्या एसटीत उभ्याने भरला होता. आणि खेळ सुरू झाल्यावर त्यांची नजर गेणबांवरून हललीच नाही.

छत्तिसाव्या फोटोला खेळ थांबला. दत्तोबा रोल गुंडाळू लागले. दोनच वेढ्यांत खुंटी मोकळी फिरली. एरवी वीसच्या वर वेढे लागत.

तेवढ्यात झांज वाजवणारे झुंबर ओरडले, "गेणबा, गेलास तू! मगाधरनं ह्यो बाबा तुलाच टिपतोय!"

तानूबाईंनी पदर तोंडाला लावला. गेणबा ढोलासकट दत्तोबांपुढे येऊन उभे राहिले.

"किती काढलं?"

"छत्तीस दाबले, आबा."

गेणबांनी आपली छाती चाचपली. मग मान. मग ते मोठ्याने हसले.

"छत्तीस! बापाला एकात न्हेलं, आन मी छत्तिसात बी हितंच हाय. झुंबऱ्या, मला काय हुत न्हाय लेका! तानू, माझा नवा पटका आन. आता बसून काढू. पर एकच!"

दत्तोबांनी बोलायला तोंड उघडले. तेवीस वर्षांत बिघडलेला फोटो त्यांनी गिऱ्हाइकापासून लपवला नव्हता. तानूबाई साठीच्या वयात घराकडे पळत निघाल्या होत्या. दत्तोबांनी तोंड मिटले आणि नवा रोल भरला. टोक दोनदा तपासले.

गेणबा पटका बांधून देवळाच्या पायरीवर बसले. एक फोटो निघाला. खुंटी फिरली.

सोळाव्या दिवशी टाके काढून गेणबा स्वतः फोटो न्यायला आले. बराच वेळ पाहत राहिले.

"आन ते छत्तीस?"

"माझ्याकडं जपून हायेत, आबा."

"ऱ्हावू द्या. त्यांच्या जिवावरच आपरेशनच्या टेबलावर निजलो हुतो."

ते गेल्यावर दत्तोबांनी खण उघडून पहिला रोल पाहिला. त्याचे टोक खाचेत कधी अडकलेच नव्हते. त्यावर उमटलेले फोटो : शून्य.