दादा नशीब म्हणाला

“नाही जुळत,” संघर्षने दारातूनच सांगितलं आणि चपला काढायला तो खाली वाकला.

घोडपदेवच्या त्या खोलीत बुद्धभूषण डायलिसिसहून येऊन खाटेवर पडला होता, पार पिळून निघालेला. धाकट्या भावाची किडनी मिळाली तर तो जगणार होता. आईला मधुमेह, तिची चालत नव्हती. तिसरं कुणी नव्हतं.

“नीट विचारलंस का रे?” रमाबाई म्हणाल्या. “सख्खे भाऊ तुम्ही. नाही कशी जुळत?”

“रिपोर्टच तसा आलाय, आई. मी काय करू?”

“त्याला कशाला बोलतेस?” बुद्धभूषण म्हणाला. “माझं नशीब.”

रमाबाईंनी चमकून वर पाहिलं. नशीब, कपाळ, लिहून ठेवलंय, हे शब्द या घरात चालत नसत. बुद्धभूषण तर दर रविवारी विहारात मुलांना बजावायचा, नशीब म्हणून गप्प बसू नका, कुणी केलं ते विचारा.

“तू बोलतोस हे?”

“हो, मीच. आणि आता कुणाला काही विचारत बसू नकोस.”

आजाराने पोराचा कणाच मोडला, म्हणून त्या माउलीने डोळ्यांना पदर लावला. संघर्षलाही फार वाईट वाटलं. दादाने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी बुद्धभूषण गेला.

त्याची फाइल आणायला संघर्ष परळच्या हॉस्पिटलात गेला. किडनी देणाऱ्या-घेणाऱ्यांचं काम बघणाऱ्या नम्रता मॅडमनी ती कपाटातून काढली. केबिनमध्ये दोघंच होते.

“मॅडम, तेव्हा मी फार घाबरलो होतो,” तो म्हणाला. “ऑपरेशनची हिंमत होईना. माझ्या सांगण्यावरून तुम्ही ‘जुळत नाही’ म्हणालात. दादाला शेवटपर्यंत कळलं नाही. तुमचे फार उपकार झाले.”

मॅडमनी फाइल त्याच्यापुढे ठेवली.

“जुळतेय हे मी त्यांना तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, ‘संघर्ष उद्या येईल. नाही म्हणाला, तर त्याला समजावत बसू नका. आईला काय सांगायचं, ते मी बघतो.’”