आजींना काय कळतंय

लीड्सच्या वृद्धाश्रमातल्या मेबल आजी लेकीचं नावही विसरल्या होत्या. पण हरारेहून इथे सेविकेच्या नोकरीवर आलेल्या न्याराद्झोचा 'मांग्वानानी' हा सकाळचा नमस्कार मात्र ऐकून ऐकून तिलाच हुबेहूब परत करायच्या. ती त्यांना भरवत असतानाच मॅनेजर येऊन तिला दम भरी. "आजींना काय कळतंय," म्हणे.

आज सरकारी तपासणीला बाई आल्या. "सलग दोन पाळ्या करायला लावतात का गं? घाबरू नकोस, सांग."

दारात मॅनेजर हसत उभा. कायमचं राहायचा परवाना वर्षावर आलेला. न्याराद्झोनं लापशीचा चमचा आजींच्या तोंडापुढे धरला. "नाही हो बाई, अगदी घरच्यासारखं आहे."

"आणि आजी, तुम्ही काय म्हणता?"



आजी गोड हसल्या आणि मॅनेजरच्याच सुरात म्हणाल्या, "तोंड उघडलंस, तर व्हिसा गेला म्हणून समज!"