नातेवाईक: कोणीही नाही

"जगात कुणीच एकटं नसतं," हॉस्पिटलमधल्या भेटीच्या पासांचं सॉफ्टवेअर सुरू करताना हेरंब सकाळी म्हणाला. "एका पेशंटला अनेक नातेवाईक, एका नातेवाइकाला अनेक पेशंट. माझा फॉर्म सगळी नाती जपतो." टाळ्या पडल्या. फॉर्म मात्र पेशंट तेवढे जपत होता.

दुपारी हेरंबचेच वडील आयसीयूत दाखल झाले. त्याने फॉर्म भरला. दारातल्या रखवालदाराने, मोरघडेने, स्क्रीन त्याच्याकडे वळवली. नातेवाईक: कोणीही नाही.

"अहो, मुलगा आहे मी त्यांचा!"

"असाल हो. पण नाव नसलं तर देवालाही आत सोडू नका, असं तुम्हीच शिकवलंत."

बाकावर बसून त्याने लॅपटॉप उघडला. पेशंट सेव्ह झाला की नाती वेगळी सेव्ह करायची असतात. कोडमधली ती एक ओळच लिहायची राहिली होती. लिहिली. फॉर्म पुन्हा भरला.

"आलं, साहेब! मुलगा म्हणून आलं!" मोरघडे ओरडला.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "गेले ते. बॉडी ताब्यात घ्यायला नातेवाईक लागेल."

मोरघडेने रजिस्टर पुढे केलं. "नाव आहे आता. सही करा." मग हळूच म्हणाला, "पेन तेवढं परत द्या."