फुकटचा सल्ला

स्पर्धेतला डाव संपला की दोघांनी तो पुन्हा मांडून चूक शोधायची, ही आमच्या बुद्धिबळ क्लबची रीत. तेव्हा बघे खुशाल मागून हात घालून खेळ्या सुचवतात. कोणाचा हात, हे कुणी वर मान करून बघतही नाही.

आज मी दातांच्या डॉक्टरांकडून हरलो. डाव मांडला, तोच माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि त्यानं माझा हत्ती सरकवला.

"आयला, हे सुचलं असतं तर मी मेलोच होतो," डॉक्टर पटावरची नजर न काढता म्हणाले. "तुमच्या मागच्यांना बसायला सांगा हो. किती वेळ वाकून उभे राहतील?"

मी मागे वळलो, तर नाक भिंतीला लागलं.

पटावर सोंगटी टेकल्याचा आवाज झाला.

"वा," डॉक्टर म्हणाले, "हीपण चांगली."