परतीच्या गाड्या

"रावेर ते नागपूर सरासरी भाडं किती चाललंय, अण्णा?" पहिलाच ट्रक घेतलेल्या सुपडूने विचारलं होतं.

ट्रान्सपोर्टवाल्या भागवतअण्णांनी चार गाड्यांची सरासरी सांगितली. त्यात दोन गाड्या परतीच्या, म्हणजे माल उतरवून नागपूरला माघारी जाणाऱ्या होत्या. रिकामं जाण्यापेक्षा त्या निम्म्या भाड्यातही माल नेतात. एवढं मात्र अण्णा बोलले नाहीत. "तुमचा शब्द प्रमाण," म्हणत सुपडू त्याच भाड्यात केळी भरून गेला. केळीच्या व्यापाऱ्याने अण्णांना पूर्ण भाडं दिलं होतं; मधला फरक त्यांच्या खिशात राहिला.

आज सप्त्यातलं काल्याचं कीर्तन होतं. "गोपाळांनी शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कुणी काही लपवलं नाही," बुवा म्हणाले आणि अण्णांचा टाळ चुकला.

कीर्तनानंतर सगळे एकमेकांना काला भरवू लागले. सुपडू गर्दीतून वाट काढत अण्णांकडेच आला आणि त्याने घास पुढे केला. अण्णांना तोंड उघडवेना.

"थांब बाबा. तुला मी भाडं कमी सांगितलं. परतीच्या गाड्या धरल्या होत्या त्यात."

सुपडूचा हात थबकला, पण मागे गेला नाही.

"फरक सोमवारी घेईन. आता तोंड उघडा अण्णा, काला सांडतोय."